तालमीतल्या खुराकाआधीची दोन वर्षे

कोल्हापूर जिल्ह्यात पोराचे अंग भरावे म्हणून बापाने पदरमोड करणे ही नवलाची गोष्ट नाही. मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला, पहाटे तालमीत जाऊ लागला, की त्याच्यासाठी गोठ्यातली एक म्हैस राखून ठेवली जाते, रात्री बदाम भिजत पडतात, तुपाची बरणी वेगळी निघते, आणि ज्या घरातून एरवी दुधाचा थेंबन्‌थेंब डेअरीला जातो त्या घरात पैलवानाच्या वाटणीच्या तांब्याला कोणी हात लावत नाही. शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेल्या आश्रयाचा हा वारसा आहे आणि खुराकाशिवाय शरीर घडत नाही ही समज इथल्या पुरुषात त्यातूनच मुरली आहे. माझी तक्रार एवढीच आहे की हा खुराक दहा वर्षे उशिरा सुरू होतो, आणि बहुतेक मुलींच्या वाट्याला तर तो कधीच येत नाही. आईच्या पोटातले नऊ महिने आणि जन्मानंतरची पहिली दोन वर्षे मिळून जे साधारण हजार दिवस होतात, त्यांत हाडांच्या वाढीचा आणि मेंदूच्या बांधणीचा पाया पडतो. त्या दिवसांत बाप मात्र बाजूला उभा असतो, कारण बाळाचे खाणेपिणे हे बायकांचे काम, असे त्याला आणि त्याच्या घराला वाटत असते.

हा पाया कच्चा राहिला की खुजेपणा येतो, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी राहते. दोन वर्षांच्या निरोगी मुलीची लांबी सरासरी ८६ सेंटिमीटरच्या आसपास असते; ती ८० सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मापदंडाप्रमाणे ती खुजी ठरते. हा फरक तीन-चार बोटांचा आहे. रोडावलेले मूल पाहताक्षणी ओळखू येते, त्याला लोक दवाखान्यात नेतात. खुजे मूल मात्र हसते, खेळते, गुटगुटीतही दिसू शकते, आणि गल्लीतली इतर मुले तेवढीच असली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले खुजी आढळली आणि महाराष्ट्रात ३५.२ टक्के. त्याआधीच्या फेरीत (२०१५-१६) महाराष्ट्राचा आकडा ३४.४ होता. देशाचा आकडा त्या काळात ३८.४ वरून खाली आला, आपला किंचित वरच सरकला. स्वतःला प्रगत म्हणवणाऱ्या राज्याला हे खटकायला हवे.

या विषयावर पुरुषांशी बोलायला गेले, की एक उत्तर हमखास मिळते: ‘आमच्या घराण्यातच उंची नाही.’ आईबापांच्या उंचीचा मुलाच्या उंचीत वाटा असतो हे खरे आहे. पण वाढीचे मापदंड ठरवण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात भारत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतील मुलांची मापे घेतली, तेव्हा असे दिसले की आईचे दूध, पुरेसे अन्न आणि आरोग्यसेवा मिळालेली मुले पाच वर्षांपर्यंत जवळपास सारखीच वाढतात, मग ती दिल्लीतली असोत की नॉर्वेतली. शिवाय घराण्याची उंची तरी कुठून आली? आजीच्या पोटात अन्न नव्हते, तिची मुलगी कमी वजनाची जन्मली, तीच पुढे अठरा-एकोणिसाव्या वर्षी आई झाली, असे तीन पिढ्या चालले की त्यालाच आपण रक्त म्हणू लागतो.

दुसरे उत्तर गरिबीचे. त्यात तथ्य पुष्कळ आहे, पण तेवढ्यावर प्रश्न मिटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत देशातील सर्वांत गरीब पंचमांश कुटुंबांत ४६ टक्के मुले खुजी होती, तर सर्वांत सधन पंचमांशात २३ टक्के. म्हणजे ज्या घरात दुचाकी, टीव्ही, फ्रीज असे सगळे आहे, तिथेही जवळपास चौथे मूल खुंटलेले आहे. करवीर, कागल, हातकणंगले, शिरोळ या तालुक्यांच्या बागायती पट्ट्यात धान्य नाही म्हणून मूल उपाशी राहिले, असे सहसा घडत नाही. तिथे प्रश्न असतो तो घरातले अन्न, पैसा आणि बाईचा वेळ कोणाकडे वळतो याचा. उसाचे बिल ज्याच्या नावावर सातबारा त्याच्या खात्यावर येते. दुधाचे दहा दिवसांचे बिल बहुतेक गावांत सभासद असलेल्या पुरुषाच्या हाती पडते. कोणत्या दवाखान्यात जायचे, कधी जायचे, सोनोग्राफीला गाडी करायची की नाही, हे तोच ठरवतो. निर्णय पुरुषाने करायचे आणि पोषणाचा सल्ला मात्र बाईला द्यायचा, अशी आपल्या सगळ्या योजनांची रचना झाली आहे.

गरोदरपणापासून पाहू. आपल्याकडचे दुधाचे अर्थकारण बाईच्या अंगावर उभे आहे. पहाटे शेणघाण आणि धारा तिच्याकडे, दिवसा वैरण कापून भारा डोक्यावरून आणणे तिच्याकडे, ऊसतोडीच्या हंगामात फडातून वाडे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करून आणणेही तिच्याचकडे. दिवस गेले म्हणून म्हैस थांबत नाही, आणि सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत हा भारा उचलला जातो. अशा श्रमांत जी ताकद खर्ची पडते ती पोटातल्या बाळाच्या वाटणीची असते. त्यातून ती जेवायला बसते सगळ्यांच्या शेवटी, कोरड्यास तळाला गेल्यावर. गरोदरपणात लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यायच्या असतात. पाचव्या फेरीनुसार देशात निम्म्याहून कमी, म्हणजे ४४.१ टक्के मातांनी त्या किमान १०० दिवस घेतल्या होत्या. गोळीने मळमळते, संडासला काळे होते, ‘बाळ काळे होईल’ असे कोणी तरी सांगते, आणि ती गोळ्यांचे पाकीट फडताळात ठेवून देते. या ठिकाणी नवऱ्याने काय करायचे, याचे उत्तर अवघड नाही. वैरण त्याने आणावी. सकाळची धार त्याने काढावी. रात्री जेवताना तिचे ताट आपल्याबरोबर मांडायला लावावे आणि गोळी आपल्या समोर घ्यायला सांगावे. मटणाचा रस्सा झाला तर फोडी अगोदर कोणाच्या ताटात पडतात, हे एकदा त्याने डोळे उघडे ठेवून पाहावे.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. दमलेल्या मुलीला चार महिने आईच्या हातचे खायला मिळते, हा त्या रीतीचा फार मोठा गुण आहे आणि ती मोडावी असे मी म्हणणार नाही. पण तिचा एक परिणाम असा होतो की बाप बारशाला जाऊन येतो आणि नंतर तीन-चार महिन्यांनी थेट बायको-मुलाला आणायलाच जातो. स्तनपान नीट जमते आहे का, पहिल्या सहा महिन्यांत बाळाला गुटी, मध, पाणी असे काही दिले जाते आहे का, वजन वाढते आहे का, यातले काहीच त्याच्या कानावर येत नाही. बाळाशी त्याची ओळखच उशिरा होते आणि उशिरा झालेली ती ओळख पुढेही वरवरची राहते. आठवड्याला एक चक्कर आणि रोज एक फोन एवढे कोणत्याही नवऱ्याला जमण्यासारखे आहे. सासुरवाडीला जावई वारंवार आला तर लोक हसतात, ही भीती आता सोडून द्यावी.

खरा घोळ सुरू होतो तो सहाव्या महिन्यानंतर. तोवर आईचे दूध पुरते. त्यापुढे मात्र वरचे घट्टसर अन्न दिवसातून दोन-तीन वेळा आणि नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा द्यावे लागते, त्यात डाळ, अंडे, भाजी, फळ, शेंगदाण्याचा कूट, तेल-तूप असे निरनिराळे जिन्नस यावे लागतात, कारण बाळाचे पोट लहान असते आणि पातळ पेजेने ते भरते पण अंगी काही लागत नाही. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले पाचव्या फेरीत देशात ११.३ टक्के आढळली. हा आकडा मला खुजेपणाच्या आकड्यापेक्षाही जास्त अस्वस्थ करतो, कारण तो घराघरातल्या वाटीबद्दल बोलतो. आपल्या गावांत वाटीत काय असते? वरणाच्या वरचे पाणी, चहात बुडवलेले बिस्कीट, भाताची खिमटी. दुधाच्या जिल्ह्यात अजून एक चूक होते: बाळाला म्हशीचे दूध पाणी घालून बाटलीने दिवसभर पाजले जाते. बाटलीमुळे जुलाब होतात, नुसत्या दुधाने पोट भरल्यामुळे मूल जेवत नाही आणि त्याच्या अंगातले लोह कमी पडते. राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगड या भागांत नाचणी घरची असते, परसात कोंबड्या असतात, आणि तरी बाळाच्या वाटीत नाचणीचे सत्त्व आणि अंडे क्वचित पडते.

बापाचा हात इथे एका अगदी ठरलेल्या जागी दिसतो. संध्याकाळी गाडीचा आवाज आला, की वर्ष-दीड वर्षाचे पोर धडपडत दारात येते आणि बाप खिशातून पाच रुपयांच्या तळलेल्या खारट चकत्यांचा पुडा काढून त्याच्या हातात देतो. त्या क्षणी त्या माणसाच्या तोंडावर जो आनंद असतो तो खराच असतो, दिवसभर राबून आलेल्या बापाचे ते प्रेम असते, म्हणून त्याला दोष देताना माझी जीभ अडखळते. पण तासाभराने आई भाताचा घास घेऊन बसते तेव्हा पोर तोंड फिरवते, आणि ‘खातच नाही हो’ म्हणून बोल लागतो तो आईला. दोन पुड्यांच्या पैशांत एक अंडे येते, केळी येतात, मूठभर शेंगदाणे येतात. खाऊ आणण्याचा बापाचा हक्क कोणी काढून घेऊ नये, फक्त खिशातून निघणारी वस्तू बदलावी. आणि शक्य असेल त्या दिवशी संध्याकाळची ती वाटी त्यानेच भरवावी. मूल भरवायला अर्धा तास लागतो, घाई केली की ते ओकते, गोष्ट सांगितली की दोन घास जास्त खाते. हे ज्याने स्वतः केले तोच बायकोला ‘तुला पोराला नीट खायला घालता येत नाही’ असे म्हणायचे थांबतो.

एकत्र कुटुंबात आणखी एक गोष्ट बापालाच साधते. आशाताई सुनेला सांगून जातात की आता अंडे सुरू करा, घट्ट खिचडी द्या. सासू म्हणते, आम्ही चार पोरे वाढवली, आम्हाला नका शिकवू. दात आल्याशिवाय अंडे सोसत नाही, असेही ती म्हणते. सून गप्प बसते, कारण तिला त्या घरात राहायचे आहे. तेच मुलाने आईजवळ बसून, ‘आई, डॉक्टरांनी सांगितलंय, मीच रोज भरवतो, तू फक्त बघ,’ असे म्हटले तर बहुतेक आया ऐकतात. मुलाचा शब्द आईपाशी चालतो, सुनेचा चालत नाही, ही व्यवस्था अन्यायाची आहे; पण ती बदलेपर्यंत बाळाची दोन वर्षे थांबणार नाहीत.

दोन मुलांमधल्या अंतराबद्दल थोडक्यात सांगतो. एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहायला किमान दोन वर्षे जावीत, म्हणजे आईचे अंग भरून येते आणि थोरल्याचे दूध अवेळी तुटत नाही. हे अंतर राखणे निम्मे पुरुषाच्या हातात आहे. मुले पुरे झाल्यावर शस्त्रक्रिया कोण करून घेते, यावरून पुरुष आपला वाटा किती उचलतात ते कळते: पाचव्या फेरीत देशात कुटुंबनियोजनासाठी स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के होते आणि पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के.

बापाला यात ओढण्याविषयी एक गंभीर आक्षेप आहे आणि तो बायकांकडूनच ऐकू येतो: आधीच हुकूम चालतो, त्यात आता आहाराचाही हिशेब विचारायला लागतील. हा धोका खरा आहे. पोषणाच्या सभेतून घरी आलेला नवरा ‘अंडे का दिले नाहीस’ म्हणून बायकोवर डाफरू लागला, तर त्या सभेने नुकसानच केले. म्हणून पुरुषांना जे सांगायचे ते त्यांनी स्वतः करायच्या कामांबद्दल असावे: वैरण, धार, भरवणे, लसीकरणाच्या दिवशी मुलाला घेऊन जाणे, पैसे बायकोच्या हाती देणे. देखरेख करणारा आणखी एक माणूस त्या बाईला नको आहे. तिचे ओझे कमी करणारा हवा आहे.

एकाच उपायावर विसंबणेही बरे नाही. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे येथील मोठ्या चाचण्यांत शौचालये, हात धुणे आणि स्वच्छ पाणी एवढ्यानेच मुलांच्या उंचीत फरक पडला नाही. पूरक आहार आणि समुपदेशन दिले तिथे थोडी वाढ दिसली. बापाच्या सहभागाने स्तनपान आणि गरोदरपणातल्या तपासण्या सुधारतात याचे पुरावे बरे आहेत, उंचीवर होणारा परिणाम मात्र एवढा स्पष्ट मांडता येत नाही. तरीही मी बापाचा आग्रह धरतो तो यासाठी, की आहार, विश्रांती, उपचार आणि अंतर या चारही गोष्टींची किल्ली आपल्या घरांत आज त्याच्याकडे आहे.

या जिल्ह्याला अशा विचाराची परंपरा आहे. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड ठेवला. मूल शाळेत जाते की गुरांमागे, हे कोण ठरवतो, ते महाराजांना ठाऊक होते आणि कायद्याने त्यालाच जाब विचारला. पोषणासाठी दंड करावा असे मला मुळीच वाटत नाही, आणि केला तर तो शेवटी आईकडूनच वसूल होईल. पण जबाबदार माणूस ओळखून त्याच्याशी बोलण्याची ती रीत घेण्यासारखी आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. इतक्या वर्षांत अंगणवाडीच्या दारात बाप आला तो मुख्यतः मुलाला सोडायला. आशाताईंच्या गृहभेटी जन्मानंतर ४२ दिवसांपर्यंत आणि पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्यात ठरलेल्या आहेत. त्या बहुधा दिवसा होतात, आणि दिवसा बाप रानात, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात, नाहीतर इचलकरंजीत मागावर असतो.

मग पुरुष भेटतात कुठे? गावच्या दूध संस्थेत, रोज सकाळ-संध्याकाळ, न चुकता. किटली घेऊन रांगेत उभा असलेला माणूस हातात चिठ्ठी पडली की आधी फॅट पाहतो, मग दर. फॅट दोन-तीन पॉइंटांनी उतरली, तर घरी जाईपर्यंत त्याने कारण शोधलेले असते: सरकी बदलली, वैरण ओली होती, म्हैस माजावर आहे. त्याच माणसाला आपल्या लेकाची उंची किती, मागच्या तिमाहीत ती किती वाढली, असे विचारले तर तो गोंधळतो. वाढीचा तक्ता असलेले कार्ड घरात ट्रंकेत असते आणि त्याने ते उघडलेले नसते. नेमकेपणाने मोजण्याची सवय त्याच्या अंगी आहे, मोजण्याची वस्तू तेवढी त्याच्यापुढे कोणी ठेवलेली नाही. म्हणून महिन्यातून एका संध्याकाळी संस्थेच्या ओट्यावर दोन वर्षांखालील मुलांची उंची-वजने घ्यावीत, बापांनी मुलांना घेऊन यावे, आणि तक्त्यावरचा ठिपका तिथेच त्यांना समजावून सांगावा. त्या संध्याकाळच्या कामाचा मोबदला अंगणवाडीताईंना वेगळा मिळावा. मानधनावर राबणाऱ्या बाईवर आणखी एक फुकटचे काम लादून पोषण सुधारत नाही. संस्थेच्या वार्षिक सभेत एक ठराव करून, सभासदाच्या घरी गरोदर किंवा स्तनदा बाई असेल तर तिच्यासाठी आणि दोन वर्षांखालच्या मुलासाठी दूध घरात राखण्याचे आवाहन सचिवाने बिलाबरोबर करावे. तालीम मंडळांनीही यात उतरावे. तिथल्या वस्तादांचा शब्द तरुण बापांवर चालतो, आणि पैलवानाचे शरीर दोन वर्षांच्या आत कसे घडते हे त्यांच्या तोंडून ऐकलेले मनात राहील.

कारखान्यांचा प्रश्न रजेचा आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पितृत्वाची १५ दिवसांची रजा मिळते. खासगी कारखान्यातल्या कामगाराला अशी रजा देण्याचे बंधन कायद्यात नाही. सहकारी साखर कारखाने, सूतगिरण्या आणि दूध संघ हे सभासदांच्या मालकीचे आहेत, त्यांनी कायद्याची वाट न पाहता ही रजा सुरू केली तर बाकीच्यांवर दबाव येईल.

आणि एक वर्ग असा आहे की त्याला वरचे काहीच लागू पडत नाही. दिवाळीनंतर मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांत नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचे एक एकक, धरला जातो. दोघेही पहाटे अंधारात फडात उतरतात, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठतात, आणि वर्षाचे मूल खोपीत मोठ्या बहिणीच्या हवाली असते. उचल, म्हणजे मजुरीपोटीची आगाऊ रक्कम, बापाने घेतलेली असते, ती फिटेपर्यंत त्याला एक दिवसही मोकळा नसतो, म्हणून त्याला भरवण्याचा उपदेश करण्यात अर्थ नाही. त्याच्या बाबतीत जबाबदारी कारखान्याची आहे. मुकादमाशी करार होतानाच टोळीतल्या सहा वर्षांखालील मुलांची आणि गरोदर बायकांची नावे लिहून घ्यावीत, टोळी उतरते त्या गावच्या अंगणवाडीला ती त्याच आठवड्यात कळवावीत, आणि तळावर पहाटेपासून चालणारे पाळणाघर गाळपाच्या पहिल्या दिवसापासून सुरू असावे, जिथे मुलांना तीनदा गरम खायला मिळेल.